एक वर्ष जास्त

नोएडातल्या आमच्या नव्या सोसायटीच्या गेटवर ते पहारा देत. साताऱ्याकडचे, फौजेतून आलेले हवालदार. समोर अजून मोहरीची शेतं होती. डावा पाय गुडघ्यात वाकत नसे, तरी खुर्चीवर रजिस्टर ठेवून स्वतः उभे राहत. गाडी आली की आधी काठी पाठीमागे लपवत, मग सॅल्यूट.

मी मिनिस्ट्रीतला, घरी टाइपरायटर असलेला. म्हणून त्यांचं अपील माझ्याकडे आलं. पायाची पेन्शन मंजूर झाली होती, पण अर्ज केल्याच्या तारखेपासून. त्यांना ती फौजेनं घरी पाठवलं त्या दिवसापासून हवी होती.

"मधली चार वर्षं मी काय लंगडायचं सोंग करत होतो?" ते हळू आवाजात विचारत.

रविवारी सकाळी वर येत, सांगूनही बसत नसत. अशी तीन अपिलं मी टाइप केली. शेवटी ऑर्डर आली. मी खूश होऊन वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"साहेब, यांनी एक वर्ष जास्त धरलंय. मला घरी पाठवलं, त्याच्या आधीचं."

"मग राहू द्या की! फाइल पुन्हा उघडली तर मिळालेलंही अडकेल, हवालदार."

त्यांनी कागदाची घडी घालून टाइपरायटरशेजारी ठेवला.

"त्या वर्षी मी पलटणीच्या शर्यतीत पहिला आलो होतो," ते म्हणाले. "त्या वर्षाला कशाला लंगडं करायचं, साहेब?"

मला त्यांचा रागच आला. त्या रागातच मी मशीनवर कोरा कागद चढवला.