साय काढलेला सिनेमा

कृष्णातचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. आणि असावा तरी कसा? ज्या माणसाचं सारं आयुष्य दुधाचे टँकर तपासण्यात गेलं, त्यानं जगाकडं दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघायचं? राधानगरीकडनं आलेला टँकर असो, नाहीतर फुलेवाडीतल्या त्याच्या घरी आलेला पावणा असो, हा गडी आधी वर-खाली बघणार आणि मनात म्हणणार, ह्यात पाणी हाय. बायकोनं, वर्षाराणीनं, पुढं ठेवलेला चहासुद्धा तो कप हलवून बघायचा. ती करवादायची, "प्या की! इख न्हाय घातलं."

एका गोष्टीवर मात्र त्यानं कधी शंका घेतली नव्हती. तो अंगावर पीत होता तेव्हाच त्याची आई गेली. मागं एक फोटो नाही. त्याला वाढवलं धाकट्या मावशीनं, बाळाबाईनं, आणि ती अजून त्याच्याच घरात होती. तिनंच त्याला लहानपणी सांगितलेलं, "आपल्या गावात सिनेमावालं आलतं. पालखीच्या सीनला सगळ्या गावाला हुबं केलतं. त्यात तुझी आई हाय बघ, तुला कडंवर घिऊन." सिनेमा तसा बेताचाच होता, पण कृष्णातच्या लेखी आईचा फोटो म्हणाल तर तोच. व्हिडिओ भाड्यानं आणायच्या काळात त्यानं ती कॅसेट पार झिजवली. गुलालात एक बाई वळते, कडेवर पोर, आणि तोंडाच्या जागी नुसता पांढुरका डाग. आईच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं, हे सगळं गाव सांगायचं. ते गोंदण डोळ्यांनी एकदा बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

यंदा तो सिनेमा हाय डेफिनिशन डिस्कवर आला. राजारामपुरीत टीव्ही आणि होम थिएटरचं दुकान चालवणाऱ्या निशिगंधाकडनं त्यानं डिस्क आणली, सोबत प्लेअरही आणला आणि आंघोळ करून टीव्हीपुढं बसला. सुरुवात काय झकास! पालखीची चांदी लखलखत होती, मागच्या डोंगरावरचं झाड न् झाड मोजून घ्यावं. मग गुलाल उडाला, आणि चित्राचे बारीक बारीक चौकोन पडले. बाई वळली. नाक होतं, डोळे होते. पण गाल आणि हनुवटी मेणाची असावी तशी गुळगुळीत. कृष्णात टीव्हीला नाक लावून बघत राहिला. गोंदणाचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच हा पायरीवर हजर.

"ताई, डुप्लिकेट माल खपवतीस व्हय? पाणी मारलेली डिस्क हाय ही!"

निशिगंधा काही मुळूमुळू बोलणारी पोरगी नव्हती. "आवाज खाली, काका. डिस्क अस्सल हाय. कंपनीनं एकाच डिस्कवर तीन सिनेमे कोंबल्यात, वर गाणी. जागा तेवढीच, मग चित्र दाबून बसवायला लागतंय. माणसं शांत उभी असली की भागतं, मागच्या चित्रातलंच पुढं चालवता येतं. पण गुलाल उडला की प्रत्येक कण हलतोय. एवढं सगळं मावणार कुठं? मग बारीकसारीक टाकून देत्यात. सुरकुती, केस, ठिपका, आधी तेच जातंय."

"म्हंजे पाणीच की!"

"पाणी न्हाय. साय काढलीया."

हे मात्र त्याला लगेच कळलं. हाच सिनेमा एकट्यानं अख्खी डिस्क घेऊन बसलेला, असाही एक माल निघाला होता. तो मागवते म्हणाली. दुसरी डिस्क गळ्यात मारायला बघतीय लेकाची, असं पुटपुटत त्यानं होकार दिला.

स्कूटरवरनं घरी येताना मेला दुसराच संशय डोक्यात शिरला. गोंदण चित्रातनं गेलं कशावरनं? मुळात नसलं तर? ती बाई आई नसेल, तर आईचा चेहरा म्हणून त्याच्याकडं काय उरतं?

मग त्यानं मावशीची तपासणी लावली. पडद्यावर त्या बाईचं लुगडं गुलालानं माखून नुसतं लाल दिसायचं. "त्या दिवशी आईचं लुगडं कसलं हुतं गं?" मावशी म्हणाली, हिरवं. दोन-चार दिवसांनी सहज विचारल्यासारखं पुन्हा विचारलं, तर म्हणाली, निळं. कृष्णातचे डोळे बारीक झाले. मावशीनं ते बघितलं आणि ताटावरनं अर्ध्या जेवणात उठली. त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण संशय काही गेला नाही.

नवी डिस्क आली. मावशी म्हणाली, "मी पडते जरा, गुडघं धरल्यात." कृष्णातनं तिला हाताला धरून टीव्हीपुढं बसवलं.

ह्या खेपेला गुलाल उडाला तो कण न् कण वेगळा दिसत होता. बाई वळली. त्यानं चित्र थांबवलं. हनुवटी कोरी होती. एक ठिपका नाही. आणि डावी भुवई मधोमध चिरलेली, तिथं केसच उगवले नव्हते. ती भुवई त्याच्या ओळखीची होती. कळायला लागल्यापासून तो तिच्यासमोर बसून जेवत आला होता.

"मावशे, ही तू हाईस."

बाळाबाईनं पदर सारखा केला. "व्हय."

"आणि आई?"

"घरात पडून हुती. उठायचं बळ न्हवतं. मला म्हणाली, पोराला पालखी दावून आण. म्हणून गेलते. त्याच महिन्यात ती गेली."

"मग मला असं का सांगितलंस?"

"शाळंतनं रडत आलास. सगळ्यांच्या आईचा फोटो हाय, माझ्याच न्हाय म्हणालास. मी काय करू सांग की! माझ्याकडं जे हुतं ते दिलं."

कृष्णात ओरडला, "मग आता आईचं तोंड कुठनं आणू मी?" आयुष्यभर पाणी पकडलं त्यानं, पण पकडल्याचं असं दुःख त्याला कधी झालं नव्हतं. तो लहान पोरासारखा रडला. मावशी खाली मान घालून बसली. वर्षाराणी टीव्ही बंद करायला पुढं झाली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

डोळे पुसून त्यानं पुन्हा पडद्याकडं बघितलं. गुलालानं माखलेलं सगळं गाव पालखीकडं बघत होतं. कॅसेटमध्ये कळलं नव्हतं, दाबलेल्या डिस्कमध्येही कळलं नव्हतं. ती भुवई चिरलेली पोरगी तेवढी पालखीकडं बघत नव्हती. ती कडेवरच्या पोराकडं बघत होती.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. "बस हितंच," कृष्णात म्हणाला, आणि त्यानं तो सीन पुन्हा पहिल्यापासून लावला.