हिरवं पाणी कुणाचं?

माणूस निवृत्त होतो, त्याचा हात काही निवृत्त होत नाही. गल्लीतल्या हेडक्लार्कांचं तसंच झालं. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर ‘अपूर्ण’, ‘असमाधानकारक’, ‘पुन्हा सादर करा’ असे शेरे मारण्यात घालवला. म्हणून लहानथोर त्यांना शेरेकाका म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी बायकोच्या स्वयंपाकावर शेरे मारून पाहिले, पण काकूंनी हातात झारा देऊन “घ्या, तुम्हीच सादर करा” म्हटल्यावर तो विभाग बंद पडला. मग उरली नदी. ती बिचारी उलट बोलत नाही.

काकांनी नदीसंवर्धन आणि नैसर्गिक संसाधन व्यवस्थापनाच्या पदविकेला नाव घातलं. लेखी परीक्षा झाली, राहिली ती प्रत्यक्ष नदीवरची इंटर्नशिप. गमबूट चढवून, गळ्यात ओळखपत्र अडकवून काका निघाले की काकू विचारत, “डबा देऊ, का नदीवरच काही गवसतं?” तिथल्या मार्गदर्शक मॅडम सुनेच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांच्या नकाशावर लिहिलं, ‘पुन्हा पाहून या.’ शेरा खालच्या बाजूने कसा दिसतो, ते काकांना तेव्हा कळलं.

काम सरळ होतं. नदीत कुठे कुठे सांडपाणी पडतं ते शोधायचं आणि ते कुणाचं ते ठरवायचं. काकांच्या घराजवळच्या छोट्या पुलाखाली एका पाइपातून राखाडी, फेसाळ पाणी पडे. काकांचा निकाल तयारच होता. लाँड्रीवाला! का, तर पाण्याला फेस होता, आणि लाँड्रीवाल्याने एकदा काकांच्या पँटीवर इस्त्रीच्या दोन घड्या पाडल्या होत्या. शास्त्राला आणखी काय पुरावा लागतो?

“मॅडम, अहवालात लिहून टाका. लाँड्रीच.”

“काका, घाई नको. रंग टाकून बघू.”

म्हणजे असं, की संशयिताच्या मोरीत निरुपद्रवी हिरवा रंग ओतायचा आणि नदीवर पाइपाशी उभं राहायचं. हिरवं आलं की चोर सापडला. नगरपालिकेचे इन्स्पेक्टर सील घेऊनच येणार होते. हिरवं दिसलं की लाँड्रीला टाळं. लाँड्रीवाल्याचं सगळं घर त्या इस्त्रीवर चालत होतं, पण काकांच्या तोंडी एकच, “नियम म्हणजे नियम!”

ठरल्या दिवशी मॅडम आणि इन्स्पेक्टर पाइपाशी थांबले, काका पिशवी घेऊन लाँड्रीत शिरले.

“या काका,” लाँड्रीवाला म्हणाला. “काय ओतायचं ते ओता, पण जपून. पलीकडे पांढरे शर्ट वाळतायत.”

काकांनी ऐटीत पिशवीत हात घातला. आत चष्म्याचं घर, छत्री, ओळखपत्राची जादा प्रत. रंगाची बाटली मात्र नव्हती. त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, खिडकीत हिरवी बाटली राहिली का?”

“ती गळकी? आत्ताच मोरीत रिकामी केली. बादल्यावर बादल्या ओतल्या तरी फरशी पोपटीच! असली घाण घरात आणत जाऊ नका.”

काकूंनी फोन आपटला, आणि लगेच मॅडमचा आला. “काका, आलं! हिरवंगार! तुम्ही बरोबर होतात!”

आवाज लाँड्रीवाल्यालाही ऐकू गेला. वाद घालायचं सोडून त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं, हातातला शर्ट अर्धवट घडी करून ठेवला आणि विचारलं, “काका, लोकांचे कपडे तरी परत करू देतील ना?”

काका तिथंच खिळले. एक नुसतं ‘हो’ म्हटलं की अहवाल खरा, पदविका हातात, पँटीचाही सूड पुरा. कोण विचारायला येणार होतं? काकूंना तर पाइप कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. पण काय करणार, आयुष्यभर ‘असत्य माहिती’ या शेऱ्याखाली लाल रेघ ओढलेला तो हात. त्याच हाताने त्यांनी फोन तोंडाशी धरला.

“मॅडम,” काका कसेबसे म्हणाले, “मी अजून काही ओतलेलंच नाही. ते... आमच्या मोरीचं आहे.”

पलीकडे मॅडमनी फोन इन्स्पेक्टरांकडे दिला. मग इन्स्पेक्टरांचा प्रश्न, “मग आता सील कुठे लावू?”

घर बांधताना गवंडी म्हणाला होता, “गटाराला जोडलंय बरोबर.” दुनियेचे कागद तपासणाऱ्या काकांनी अंगणातलं तेवढं एक झाकण उचलून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत रंग ओतला, तर नदीवर थेंबभरही हिरवं नाही.

मोरीला सील लागलं नाही, नोटीस लागली. मॅडमनी इंटर्नशिप वाढवली. आता अभ्यासाचा विषय खुद्द काकांची मोरी. तरुण इंटर्न टेप घेऊन घरभर फिरू लागले, आणि काकू प्रत्येकाला दारातच बजावत, “पाय पुसून या, नदीवाल्यांनो!”

नव्या पाइपासाठी अंगण खणायला काढलं त्या दिवशी लाँड्रीवाला खुर्ची घेऊन आला. काका चिखलात, तो सावलीत. बराच वेळ निरखून पाहिल्यावर त्याने मान हलवली.

“काका, उतार कमी पडतोय.”

काकांनी वाकून उतार पुन्हा मोजला आणि आणखी खणायला घेतलं.