पाठीवर नाव नसलेला शर्ट

आमच्या कपाटात एक पांढरा शर्ट आहे. पुढे गावाच्या बेसबॉल टीमचं चित्र आणि मागे नुसता नंबर, सदतीस. २००८ साली क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये टेबलं मांडून होतं नव्हतं ते विकायला काढलं. खुर्च्या, बॅटी, पॉपकॉर्नचं मशीन, गठ्ठ्याने शर्ट. मी सदतीस नंबर शोधून बाजूला काढला. टेबलामागचा माणूस म्हणाला, "हा बऱ्याच जणांनी घातलाय. तुम्हाला कुणाचा हवाय?" मी म्हटलं, आमच्या घरी राहिला होता त्याचा. तो समजल्यासारखी मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गाव पेनसिल्व्हेनियातलं. पार्सिपनीहून दीड तासावर. हे अंतर मी पार्सिपनीपासून मोजते, कारण कढीपत्ता तिथल्या भारतीय दुकानांत मिळायचा. नवऱ्याची नोकरी या गावातल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होती आणि मी त्याच्या व्हिसावर डिपेंडंट, नोकरीची परवानगी नसलेली. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून घरी दही लावणारी बाई. ते दही मात्र मी मनापासून लावायचे. ओव्हनचा नुसता दिवा चालू ठेवून आत भांडं ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच चमचाभर विरजण काढून ठेवायचं. थंडीत विरजण मेलं तर नवं मागायला शेजारपाजार नव्हता.

२००५ च्या फेब्रुवारीत आमची मुलगी गेली. गेली म्हणजे आलीच नाही. आठवा महिना लागला होता. एका सकाळी पोटातलं हलणं थांबलं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी सगळं नीट, हळू आवाजात केलं. नर्सने कागदावर तिच्या पावलांचे ठसे घेतले आणि विचारलं, नाव काय लिहू? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव ठेवतात बारशाला, बाराव्या दिवशी. बारावा दिवसच यायचा नव्हता. नवरा म्हणाला, "नाव नाही ठरवलं." नर्सने 'मुलगी' असं लिहून पुढे आमचं आडनाव टाकलं. तो कागद आम्ही पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवला. महत्त्वाचं सगळं त्याच फाइलमध्ये असायचं.

नागपूरहून आई फोनवर म्हणाली, "आता तो विषय काढायचा नाही. उगाळत बसलं की त्रास होतो." सासूबाईही पुण्याहून तेच म्हणाल्या. आम्ही दोघं आज्ञाधारक निघालो. विषय निघालाच नाही. नवरा ऑफिसला जायचा, मी पोळ्या करायचे. मला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच येत नव्हतं. भाजीत मीठ पडलंय की नाही तेही कळायचं नाही, आणि नवरा निमूट खायचा.

वरच्या मजल्यावर एक खोली होती. जन्माआधी बाळाची खरेदी करू नये हे आईने शंभरदा बजावलं होतं. पण इथली पद्धत म्हणून नवऱ्याने जानेवारीतच ती खोली पिवळी रंगवायला घेतली, आणि अडीच भिंती झाल्यावर ते सगळं घडलं. मी जिवाणूंवर प्रबंध लिहिलेली बाई. तरीही दाराशी उभी राहून मी त्या रंगाच्या डब्याला दोष द्यायचे. मनातल्या मनात नवऱ्यालाही द्यायचे. बोलले मात्र कधीच नाही.

मेमध्ये नवऱ्याने ऑफिसातून एक फॉर्म आणला. गावाच्या टीमला खेळाडूंसाठी घरं हवी होती. ही टीम अगदी खालच्या पायरीवरची. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या क्लबांशी तिचा काही संबंध नाही. पोरांना पगार इतका तुटपुंजा की भाड्याने राहणं परवडायचं नाही. म्हणून गावातली कुटुंबं उन्हाळाभर एकेकाला घरी ठेवून घ्यायची. "खोली रिकामीच आहे," नवरा म्हणाला आणि बोलून गेल्यावर फॉर्मची घडी घालायला लागला. मग म्हणाला, "तूही दिवसभर एकटी असतेस ना. नको असेल तर कॅन्सल करू." मी म्हटलं, मला चालेल. मला तेव्हा काहीही चाललं असतं.

घर बघायला आलेली बाई पंचाहत्तरीची होती. टीमच्या खेळाडूंना घरं मिळवून देणं हे तिचं बिनपगारी काम. नवरा तिला तोंडावर काकू म्हणायचा आणि तिलाही ते आवडायचं. तिने फ्रिज, बाथरूम, खोली सगळं तपासलं. अडीच पिवळ्या भिंतींकडे बघून तिने फक्त विचारलं, "पलंग कुठल्या बाजूला ठेवाल?"

पहिल्या मॅचला तिनेच आम्हाला स्टेडियम दाखवलं. आत शिरताना लांबलचक बोळ होता आणि भिंतीवर जुन्या टीमचे फोटो ओळीने लावलेले. गावात रेशमाची गिरणी होती तेव्हा मालकाने कामगारांची टीम काढली, ती ही. गिरणी बुडाली, टीम बंद पडली. मग कुणा हार्डवेअरवाल्याने ती पुन्हा उभी केली. महायुद्धात पोरं गेली, पुन्हा बंद. असं करत करत ती इथवर आली होती. फोटोंखाली नावं होती, डावीकडून उजवीकडे. मध्येच कुठेतरी लिहिलेलं, 'अनोळखी'. काकूने एका अनोळखीवर बोट ठेवलं. "हा आमच्याकडे राहायचा. मी लहान होते. नाव आठवत नाही गं आता. त्याला अंडी अर्धी कच्ची लागायची एवढं आठवतं."

खेळाडू मैदानावर आले तर सगळ्यांच्या पाठीवर नुसते नंबर. मी विचारलं, नावं का नाहीत? काकू म्हणाली, "यातला कोण पुढच्या महिन्यात असेल सांगता येत नाही. दर वेळी उसवून शिवत कोण बसणार?" मला ते पटलं. त्या दिवशी मला पटलेली ती एकमेव गोष्ट.

त्याच मॅचमध्ये एक उडालेला बॉल थेट नवऱ्याच्या हातात आला. त्याने झोकात झेलला, उभा राहिला आणि पुण्याच्या गल्लीत फेकायचा तसा तडक मैदानात परत फेकला. आजूबाजूचे शे-दोनशे लोक हसत सुटले. इथे प्रेक्षकांत आलेला बॉल ज्याच्या हाती लागेल त्याचा, तो घरी न्यायचा असतो. नवरा ओशाळून बसला. "अगं, बॉल परत नाही दिला तर मॅच थांबते ना," तो मला म्हणाला. मला जरासं हसू आलं होतं. लगेच विरलं, पण आलं होतं.

आमच्या वाट्याला आलेला खेळाडू नेब्रास्काचा, चोवीस वर्षांचा, डावखुरा पिचर. नवऱ्याच्या भाषेत 'आपला बोलर'. एका मोठ्या क्लबने त्याला दोन वर्षं ठेवून काढून टाकलं होतं. इथे चांगलं खेळला तर कुणीतरी परत उचलेल, नाहीतर पंचविशीनंतर कुणी ढुंकून बघत नाही, हे त्याने पहिल्याच जेवणाला सांगून टाकलं. मला मॅम म्हणायचा. वरणभात चमच्याने खायचा, ताट स्वतः विसळायचा. बॅग मात्र त्याने कधी पूर्ण उघडली नाही. कपडे बॅगेतून काढायचे, धुवायचे, परत बॅगेत. मी कपाट रिकामं करून दिलं होतं. तो म्हणाला, "कपाटात कपडे ठेवले की लगेच काढून टाकतात. मी पाहिलंय."

असा माणूस आमच्या घरी आल्यावर पुढचं ओघानेच झालं. तो पहिल्या मॅचला निघाला तेव्हा मी सवयीने चमचाभर दही आणि साखर घेऊन दाराशी गेले. परीक्षेला निघालेल्याच्या हातावर आमच्याकडे घालतात तसं. त्याने डावा हात पुढे केला. मी म्हटलं, उजवा. तो म्हणाला, "मॅम, बॉल डावा टाकतो." मी म्हटलं, दही उजव्याच हातावर. तो मॅच जिंकला.

झालं! आता त्याची बॉल टाकायची पाळी यायची दर पाचव्या दिवशी, आणि दर पाचव्या दिवशी तो दुपारी तीनला ओट्याशी उजवा हात पसरून हजर. चार मॅच ओळीने जिंकला. मग त्याचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, दारात उभा राहिला. मग तिसऱ्या बेसवरचा फील्डर. तिघं धिप्पाड पोरं स्वयंपाकघरात रांग लावून दही चाटतायत आणि मी एकेकाच्या तळहातावर वाढतेय. विरजणाची मला इतकी काळजी कधी वाटली नव्हती. एकदा भांडं नीट लागलं नाही तर मी कॉलेजातलं सगळं ज्ञान पणाला लावून दूध पुन्हा कोमट केलं. त्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून त्या अडीच भिंतींचा विचार केलेला नाही. मला बरं वाटलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं.

जुलैअखेर त्याचा खांदा दुखायला लागला. त्याने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण तो बरणीचं झाकण उजव्या हाताने उघडायला लागला. एक हरला, दोन हरला, तिसऱ्या मॅचला दोन डावांतच बाहेर काढला. कॅचर दह्याला यायचा बंद झाला. बेसबॉलवाले आपल्या आत्याबाईंपेक्षा शकुन मानणारे. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तो स्टेडियमवरून दुपारीच परतला आणि म्हणाला, "संपलं." मॅनेजरने पाच मिनिटांत आटोपलं होतं. सदतीस नंबरचा शर्ट धुवायच्या टोपलीत टाकून जा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो शर्ट दुसऱ्या कुणाला मिळणार होता.

मी म्हटलं, माझं दही उपयोगी पडलं नाही. तो म्हणाला, "दही बरोबर होतं, मॅम."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बस होती. मी चहा घेऊन वर गेले. त्याने चादरी काढून घडी घातल्या होत्या आणि भिंतीकडे बघत उभा होता, पिवळा रंग जिथे संपतो तिथे.

"मॅम, ही खोली बाळासाठी होती ना?"

तीन महिने तो तिथे झोपत होता. मी हो म्हटलं. मुलगी, फेब्रुवारीत, एवढंच सांगितलं. ते शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते आणि तेही इंग्रजीत.

"नाव काय तिचं?"

नाव नाही, मी म्हटलं. आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात. त्याने थोडा विचार केला. "ते ठीक आहे. पण तुम्ही तिला काहीतरी म्हणत असाल ना?"

म्हणत होते. पाचव्या महिन्यापासून म्हणत होते. नवरा ऑफिसला गेला की ओट्याशी उभी राहून, कणीक मळताना, मी तिला नावाने हाक मारून काय काय सांगायचे. ते नाव कुणालाच माहीत नव्हतं. बारशाआधी सांगू नये म्हणून मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि त्यानंतर ते माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

काकूने 'अनोळखी'वर ठेवलेलं बोट मला आठवलं. माझ्या मुलीची तर अंडीसुद्धा आठवायला नव्हती. मी त्याला नाव सांगितलं.

त्याने उच्चारून पाहिलं. चुकलं. मी दुरुस्त केलं. पुन्हा चुकलं. त्याची जीभच तशी वळेना. चौथ्यांदा त्याला बरोबर जमलं आणि त्याने मान हलवली. तेव्हा मला दिसलं की नवरा बॅग उचलायला वर आला होता आणि गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याने आत येऊन बॅग उचलली.

खाली मी त्या पोरासाठी दही-साखर आणली. तो म्हणाला, "आज मॅच नाही." मी म्हटलं, हात. त्याने उजवा हात पुढे केला.

बस सुटेपर्यंत आम्ही डेपोत थांबलो. परतीच्या रस्त्यावर नवरा गाडी चालवत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. स्टेडियमजवळच्या सिग्नलला गाडी थांबली. समोर बघतच तो म्हणाला, "मघाशी तू ते नाव सांगितलंस. परत सांग ना."

मी सांगितलं. त्याने ते उच्चारलं, पहिल्याच फटक्यात बरोबर. मग पुन्हा एकदा म्हणाला, हाक मारल्यासारखं. सिग्नल हिरवा झाला होता तरी त्याने गाडी हलवली नाही, आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच मला रडू आलं.