काकूंची हनुवटी

बालाघाटात आमच्या शेजारी राहणाऱ्या शांताकाकू हसू येतंय असं वाटलं की आधी हनुवटी धरायच्या आणि मगच हसायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाई मोठी लाजाळू. लाजाळू कसल्या, जबडा निखळायचा त्यांचा.

मी दातांचा दवाखाना उघडला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या उघडं राहिलेलं तोंड पदराआड लपवून आल्या. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की आत जबड्याच्या सांध्याची एक गोटी पुढे सरकते, हाडाच्या उंचवट्याशी थांबते आणि मागे फिरते. काकूंची गोटी उंचवट्यापलीकडे उतरायची. मग गालाच्या आतले स्नायू असे आवळायचे की तिला परत येताच यायचं नाही. मी दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली दाबला, मागे लोटला. खट्कन बसला. काकू म्हणाल्या, "बरं झालं वो बाई. आता चहा मांड."

जांभई, हसू, सगळं त्यांनी आवरलं. आवरताना जीव तुटायचा तो गाण्यासाठी. हळदीला व्याह्यांची टर उडवावी तर काकूंनीच. पण तोंड भरून आ केल्याशिवाय त्यांना गाता यायचं नाही. म्हणून कितीतरी लग्नांत त्या नुसत्या बसून राहिल्या. नातीच्या हळदीआधीही मी बजावलं, गायचं नाही.

"मंग मी काहून जाऊ तिथं? तांदूळ निवडाले?" काकूंचे डोळे भरले होते. "जबडा गेला तं तू बसवशीन. नातीची हळद मले कोन परत आनून देईन?"

हळदीला मी त्यांच्या पाठीशी बसले. तळवे त्यांच्या गालांवर, बोटं हनुवटीखाली. काकूंनी नवरदेवाच्या गावाचं नाव घालून सूर लावला, "व्याही आला लालबर्र्याचा, भात खाऊन आडवा झाला..." प्रत्येक आ-काराला गोटी माझ्या हाताखाली पुढे यायची, मी जरा थोपवायचे, ती परतायची. बायका हसून लोळत होत्या. इतक्या जपून मी दवाखान्यातही कधी हात चालवला नसेल.

गेल्या हिवाळ्यात काकू सकाळचा चहा पिऊन जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. तोंड मिटलेलं राहावं म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधतात. माहेरी आलेली नात ती घेऊन माझ्याकडे आली. "दीदी, तुम्हीच बांधा. आजी को आपका हाथ मालूम है."

माझी बोटं सवयीने त्यांच्या कानापुढे गेली. आता आत काहीच आवळत नव्हतं. मला हुंदका आवरला नाही. पट्टी मी सैलच बांधली, गाता येईल एवढी.