पडद्यावरचे निर्दोष पान

१२ मार्च, दुपारी ३ वाजून २० मिनिटे. नंदनवनच्या छापखान्यात माझ्या भातरोग-पुस्तिकेचे पान संगणकाच्या पडद्यावर निर्दोष दिसत होते. मला घाई होती. ऑपरेटर बाई मात्र रोगट भातपातीचे छायाचित्र मोठे करून एकेक रंग बंद-चालू करत होत्या.

"काहून दुर्बीण लावून बसली वं? छाप ना!" मालक ओरडले.

"नाही छापत." बाईंनी मानही वळवली नाही. "एका रंगाची पुरी शाई शंभर धरली, तं चारही रंगांची मिळून इथं तीनशे चाळीस टक्के हाये. हा कागद तीनशेच पेलते. डाग काळ्यात बुडाले, तं शेतकऱ्याले रोग कसा दिसन?"

प्रयोगशाळेत मोजमाप शिकलेली मी नुसत्या दिसण्यावर विसंबले होते. "थांबा," मी मालकांना बजावले, "त्या म्हणतील तेव्हाच छापायचे."

बाईंनी गडद भागातली शाई उतरवली, डाग सुटे झाले. मी आकडा टिपला: दोनशे अठ्ठ्याऐंशी टक्के.