पावलं मोजणारे मोहरील मास्तर

देवदत्त मोहरील मास्तरांना कशाकशाची भीती वाटायची हे सांगायला बसलं तर अख्खी दुपार सरेल. अनोळखी नंबरवरून फोन आला की फोन उशीखाली. ऑटोवाला भलत्याच रस्त्यानं निघाला तरी ‘भैया, इधर नहीं’ म्हणायची हिंमत नाही; तो नेईल तिथं उतरायचं अन् पायी परत यायचं. अमरावतीकडून जबलपूरला चित्रकलेचे मास्तर म्हणून आले, बत्तीस वर्षं शाळेत काढली, रिटायर झाले. पण शेजारी वाटीभर साखर मागायची तर ती त्यांच्या बायकोनं, जयाबाईंनीच.

चित्रं मात्र रोज काढायचे. हिवाळा लागला की सकाळी नऊला घडीचा स्टूल काखेत मारून छावणीतल्या सदर बाजाराच्या रस्त्यावर हजर. त्यांची रीतही त्यांच्यासारखीच. आधी जागा काढायची, माणसं नंतर. डोळा फसवतो म्हणून अंतर पावलांनी मोजायचे आणि वहीच्या कडेला लिहून ठेवायचे: झाड ते भिंत बावीस, भिंत ते खांब चौदा. माणसं घरी, खिडकीशी बसून, आठवून मोठ्या कागदावर भरायची. परक्या माणसाकडे टक लावून बघायचं, हे मास्तरांच्यानं व्हायचंच नाही ना! त्यामुळे बरोबरच्या वहीत चाळीस पानं नुसते ओसाड रस्ते आणि आकडे.

त्या रस्त्यावर मिलिटरीचं एक फाटक आहे. इतकी वर्षं मास्तर त्याकडे पाठ करून बसत. पण त्या दिवशी फाटकाशेजारच्या कडुलिंबाच्या झाडावर असं काही कोवळं ऊन पडलं होतं, की गडी भुलला. स्टूल फिरवला. उठून पावलं मोजली. लिंब ते फाटक एकतीस. फाटक ते चौकी नऊ. लिहिलं.

“अंकलजी, ज़रा रुकिए.”

मागे बंदूकवाला जवान.

चौकीच्या आत टेबलामागे एक मिशीवाले सुभेदार बसले होते. त्यांनी वहीचं एकेक पान उलटायला सुरुवात केली. मास्तर उभे.

“फाटक से चौकी, नौ कदम. क्यों नापा?”

“तस्वीर... तस्वीर के लिए.”

“तस्वीर में कदम कौन गिनता है?”

मास्तरांना बेड्या दिसल्या. पेपरात छापलेला आपला फोटो दिसला. तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी जया दिसली, आणि तिच्या तोंडावरचा राग तर सगळ्यात स्पष्ट दिसला. बत्तीस वर्षांची हिंदी कुठल्या कुठे पळाली.

“साहेब, मी काहीच करून नाही राहिलो जी! नुसतं झाड काढून राहिलो होतो!”

जवान दचकला. “सर, ये कौन सी भाषा बोल रहा है?”

“मराठी है. तू चुप रह.” सुभेदारांनी वही टेबलावर ठेवली. “मास्टर साहब, चालीस पन्ने हैं. एक भी आदमी नहीं. आदमी न हो तो वो तस्वीर नहीं, नक्शा होता है.”

“आदमी मैं घर पे बिठाता हूँ.”

“घर पे आदमी बिठाते हो? कौन आदमी?”

“काग़ज़ पे, साहब! काग़ज़ पे!”

“तो यहीं बिठाओ. वरना मैं थाने फोन करता हूँ.”

पेन्सिलीचं टोक पहिल्याच रेघेला मोडलं. जवानानं दुसरी आणून दिली. मास्तरांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. वहीच्या कोऱ्या पानावर, रस्त्यापलीकडे रोज समोर बसून शिंगाडे विकणारी बाई काढायला घेतली. रेघ अशी वाकडी, जशी मुंगी चालली आहे. पण एक गुडघा उभा करून त्यावर हनुवटी टेकायची तिची सवय, टोपलीवरचं ओलं फडकं, रिकामा वेळ असला की पायाचा अंगठा चोळणारा हात... सगळं उतरलं.

सुभेदारांनी पान पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि जवानाला म्हणाले, “उसको बुला.”

आता मात्र मास्तर मनात देव आठवायला लागले. सहा हिवाळे त्या बाईसमोर बसलो, कधी राम राम नाही केला. ती म्हणाली, मी नाही ओळखत, मग?

बाई पदराला हात पुसत आली. वही घेतली, लांब धरली, जवळ धरली, अन् आपल्या बुंदेली बोलीत म्हणाली,

“जे तो हमई आएँ! पर हमाई नाक इत्ती मोटी?”

“इनको जानती हो?”

“काए न जानें? छै जाड़े से बैठत हैं. हम तो समझत रहे, गूँगे हैं बिचारे. हम देखें, तो जे आसमान ताकन लगत हैं.” मग सुभेदारांकडे वळून, “साहब, जे का करहैं? इनसे तो कुत्ता तक नईं भागत!”

सुभेदारांच्या मिशा पहिल्यांदा हलल्या. फाटकाचं पान त्यांनी फाडून खणात टाकलं, बाकी वही परत केली.

“फाटक नहीं. और कदम गिनना एकदम बंद.”

बाहेर आल्यावर मास्तर भलत्याच दिशेनं चालायला लागले. बाईनं दंडाला धरून आपल्या पोत्यावर बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं. तासभर तिथंच. ती गिऱ्हाईक करत होती, बोलत होती. मास्तर ऐकत होते, आणि दर पाच मिनिटांनी फाटकाकडे बघून घेत होते.

घरी आले तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. जयाबाई दारातच.

“काहून इतका उशीर? तोंड काहून असं पांढरं पडलं?”

मास्तरांनी वही उघडून समोर धरली.

“ही कोण?”

“अंजनी. पनागरची. पहाटेच्या बसनं येते. दोन सुना आहेत, पण शिंगाडे हीच सोलते.”

जयाबाई बघतच राहिल्या. “तुमाले कसं माहीत?”

“तिनं सांगितलं.”

“अन् तुम्ही काय सांगितलं?”

मास्तर चपला काढायला खाली वाकले. बंद काही सुटेना.

“मी सांगितलं, मी लय घाबरलो जी.”