म्होरक्या मेंढीची घंटी

परवा माळा आवरताना एका खोक्यातून मेंढीच्या गळ्यातली घंटी किणकिणली आणि त्यातून माझी रिमोटवर खडक चढणारी गाडी निघाली. ही गाडी नवी होती तेव्हा दुष्काळ होता. मेंढरं विकून वडील कन्नडहून आमच्या शहरातल्या गारखेड्याच्या फ्लॅटवर राहायला आले होते आणि दिवसभर खिडकीतून नव्या बिल्डिंगा अन् पाण्याचे टँकर बघत बसायचे. मी चाळिशीतला बाप्या, असल्या गाड्यांच्या रविवारच्या स्पर्धेसाठी गच्चीवर दगड रचून गाडी चढवायचो आणि ती दरवेळी मागं उलटायची. टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या, व्हिडिओतले सगळे गुरू करून झाले. शेवटी वडील म्हणाले, "लेका, चढताना जनावर मान खाली घालतं. हे तुझं तोंड वर करून चाललंय. म्होरं वजन टाक." अन् पिशवीतून म्होरक्या मेंढीची पितळी घंटी काढून त्यांनी पुढच्या दोन चाकांच्या मधे बांधली. गाडी चढली! स्पर्धेतही ती किणकिणत निम्मा खडक चढली, तशी प्रेक्षकांतून वडिलांनी मेंढरं हाकायची खणखणीत हाळी दिली, "हुर्रर्र, हुर्रर्र!" सगळे हसले. मी लाजून मागं वळलो, "आबा, लोक बघतायत," म्हणालो, तेवढ्यात रिमोटवरचं बोट घसरलं अन् गाडी खाली. "गाडी नाय बुजली, तू बुजलास," एवढंच ते म्हणाले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माळ्याखाली उभं राहून मी घंटी हलवली आणि जमेल तशी ती हाळी दिली. आतून बायकोनं विचारलं, "कोण आलंय?"